नवशिक्याची पेटी

ज्या खेळांत पट असलाच पाहिजे असें नाहीं, जिंकणें-हरणें नाहीं, आणि जो एका बैठकींत संपावा अशी कोणाची अपेक्षाही नाहीं, त्या खेळाविषयीं लिहावयाचें तर प्रथम तो खेळ कोणता हें सांगणें भाग आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा नांवाचें लहानसें गांव आहे. तेथून १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो; बाकीचे प्रत्येकीं एका नायकाचें सोंग घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपला नायक काय करतो तें सांगतो, आणि जेथें यशाची शंका असेल तेथें फांसे निकाल देतात. नायकाचें बल, बुद्धि, शहाणपण, चापल्य, प्रकृति आणि लोकांवर पडणारी छाप हीं सारीं आंकड्यांनीं एका कागदावर मांडलेलीं असतात. पराक्रमानें 'अनुभव' सांठतो आणि नायक पहिल्या पायरीवरून दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवर चढतो. हा कागद तयार करणें, म्हणजे आपला नायक घडविणें, हें या खेळांतील पहिलें काम. आणि पुष्कळांच्या मतें सर्वांत गोड.

अशा खेळाच्या, नवशिक्यांसाठीं म्हणून वेगळ्या काढलेल्या पेट्या १९७७ पासून निघत आल्या आहेत. त्यांत नायक घडविण्याची मोकळीक किती ठेवावी आणि किती काढून घ्यावी, याचा निर्णय प्रत्येक वेळीं निराळा झाला. विषय वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. परंतु नवशिक्याच्या हातीं काय द्यावें आणि काय मागाहून द्यावें, हा प्रश्न ज्यानें कधीं एखाद्या मुलास कांहीं शिकविलें आहे त्यास परका नाहीं.

मूळ खेळाच्या पेटींत तीन लहान पुस्तिका होत्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार. लेखकांनीं असें गृहीत धरलें होतें कीं वाचकापाशीं १९७१ चें 'चेनमेल' हें लहान सैनिकांच्या लढायांचें पुस्तक असेलच, आणि दुसऱ्या एका कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा नकाशाही असेल. ज्यांना असल्या लढायांची संवय नव्हती त्यांना त्या पुस्तिकांचा अर्थ लागणें कठीण होतें. मात्र एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पेशे तीनच होते: योद्धा, जादूगार व धर्मोपदेशक. (चोर १९७५ सालच्या पुरवणींत आला.) पण त्याच पुस्तिकेंत असेंही सुचविलें होतें कीं, सूत्रधाराची संमति असेल आणि आरंभ दुबळेपणापासून होत असेल, तर खेळाडूनें वाटेल तें व्हावें, ड्रॅगन व्हावयाचें असेल तरी चालेल, फक्त तो प्रथम कोवळ्या वयाचा असावा. नियम थोडे, लिहिण्याची रीति गबाळी, आणि मोकळीक जवळजवळ अमर्याद, असा तो ग्रंथ होता.

ही गुंतागुंत सोडविण्यास पुढें आला तो एक मज्जातंतुशास्त्रज्ञ. एरिक होम्स हे कॅलिफोर्नियांतील वैद्यकाचे प्राध्यापक. त्यांनीं आपण होऊन प्रकाशकांस कळविलें कीं, या खेळाचें सुबोध प्रवेशपुस्तक मी लिहून देतों. १९७७ सालीं त्यांनीं संपादिलेली 'बेसिक' पेटी निघाली. पुस्तक अठ्ठेचाळीस पृष्ठांचें, आणि मर्यादा तिसऱ्या पायरीची. त्यापुढें जावयाचें असेल त्यानें 'ॲडव्हान्स्ड डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स' या मालेचे मोठे ग्रंथ घ्यावे अशी सूचना होती. त्या मालेंतील खेळाडूंचा मुख्य ग्रंथ मात्र १९७८ सालीं निघाला व सूत्रधाराचा १९७९ सालीं; म्हणजे तिसऱ्या पायरीवर पोंचलेला उतावळा शिष्य कांहीं काळ दाराबाहेरच उभा होता! १९७९ सालीं तर फांशांचाच तुटवडा पडला, आणि पेटींत फांशांऐवजीं आंकडे छापलेलीं पुठ्ठ्याचीं चकत्यांसारखीं तुकडीं व पुढें फांसे मागविण्याचें कुपन घालण्यांत आलें.

तीन पायऱ्यांच्या या मर्यादेंत व्यापाराचा भाग होता हें उघड आहे. ज्याला पुढचें पुस्तक विकावयाचें आहे तो पहिल्या पुस्तकांत सर्व कांहीं देत नाहीं. तरी तिला नुसती दुकानदारी म्हणून हंसणें मला बरोबर वाटत नाहीं. डॉ. भांडारकरांच्या 'मार्गोपदेशिके'वर ज्यांचें संस्कृत सुरू झालें त्यांना आठवत असेल कीं परोक्षभूत आणि अद्यतनभूत यांच्यासाठीं दुसऱ्या पुस्तकाची वाट पाहावी लागे. पण वाक्य मात्र विद्यार्थी आरंभापासून स्वतः बनवी. मजल आंखून दिलेली असे. चालणें त्याचें त्यानेंच करावयाचें. होम्सच्या पेटीची मर्यादा या जातीची होती.

या जातीची सर्वांत उत्तम पेटी टॉम मोल्डव्हे यांनीं १९८१ सालीं केली, असें माझें मत आहे. चौसष्ट पृष्ठें, दहा वर्षांच्या मुलास समजावी अशी भाषा. नायक घडविण्याची रीति अशी: तीन फांसे सहा वेळां टाकावे, आणि जे आंकडे पडतील ते सहा गुणांपुढें त्याच क्रमानें लिहावे. मग सात पेशांतून एक निवडावा: धर्मोपदेशक, योद्धा, जादूगार, चोर, एल्फ, ड्वार्फ व हाफलिंग. येथें वंश आणि पेशा यांचा एकच प्रश्न केलेला होता. मोठ्या खेळांत एल्फ वंशाचा नायक योद्धा व्हावा कीं जादूगार हें ठरवावें लागे. येथें एल्फ म्हटला कीं तो दोन्ही. हवें तर एखाद्या गुणांतील दोन अंक कमी करून पेशाच्या प्रमुख गुणांत एक वाढवितां येई. मग थोडें सोनें, त्यांतून तलवार, दोर, मशाली, ढाल. आणि शेवटीं नांव. अर्ध्या तासांत नायक उभा!

यांत निवडीस वाव फार नाहीं हें कोणीही पाहील. ज्याच्या बुद्धीच्या वेळीं पांच पडले त्यानें जादूगार होण्याचें स्वप्न बहुधा सोडावें. जादूगार झाला तरी त्याचें आयुष्य एका चार बाजूंच्या फांशावर ठरे, आणि पहिल्या पायरीवर त्याला दिवसाकांठीं मंत्र एकच. धर्मोपदेशकास तर पहिल्या पायरीवर एकही मंत्र येत नसे. सर्वच आंकडे हलके पडले तर सूत्रधारानें तो कागद टाकून देण्यास परवानगी द्यावी, एवढी दया मात्र होती. असें असूनही तो नायक खेळाडूचाच असे. त्याच्या हाताखालीं फांसे पडले, त्यानेंच उणेंअधिक पाहिलें, त्यानेंच शेवटचीं दोन नाणीं मशालीवर खर्चावीं कीं तेलावर याचा विचार केला. दैवानें दिलेल्या गोष्टीचें आपण काय करतों, यांत आपलेपणा नाहीं असें कोण म्हणेल?

शिवाय त्या तीन पायऱ्या फार उंच होत्या. योद्ध्यास दुसऱ्या पायरीसाठीं २,००० अनुभव लागे, जादूगारास २,५००, एल्फास ४,०००. चोराचें मात्र १,२०० मध्यें भागे. आणि हा अनुभव मुख्यतः तळघरांतून बाहेर आणलेल्या धनानें मिळे, एका सुवर्णनाण्यास एक या प्रमाणांत. तिसरी पायरी गांठण्यापूर्वीं कित्येक नायक भुयारांतच राहिले. म्हणून 'तीनच पायऱ्या' हे शब्द ऐकून ती पेटी तोकडी होती असें समजूं नये.

त्याच वर्षीं डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांची 'एक्स्पर्ट' पेटी निघाली व शिडी चौदाव्या पायरीपर्यंत गेली. म्हणजे नवशिक्यानें आतां 'ॲडव्हान्स्ड'कडे जाण्याची गरज उरली नाहीं. त्याची स्वतंत्र शिडी झाली. आर्नेसन यांनीं मानधनाच्या हक्कासाठीं १९७९ सालीं कंपनीवर दावा लावला होता, तो १९८१ मध्यें मिटला. त्या भांडणाचा आणि या दोन वेगळ्या मालांचा संबंध अनेकांनीं जोडला आहे. या शिडीवर एक गंमत होती. मनुष्य चौदापर्यंत चढे, आणि पुढें छत्तीसपर्यंत जाण्याचें त्यास आश्वासन होतें; पण ड्वार्फ बाराव्या पायरीवर, शतकानुशतकें जगणारा एल्फ दहाव्यावर आणि हाफलिंग आठव्यावर कायमचा थांबे. उपजत देणग्या ज्यास अधिक त्याची वाढ लवकर खुंटावी, असा हा न्याय! हिशेबाच्या दृष्टीनें तो ठीक असेल; कथेच्या दृष्टीनें त्याचें समर्थन मला तरी सुचत नाहीं.

१९८३ सालीं फ्रँक मेंट्झर यांनीं हीच पेटी पुन्हां लिहिली. लॅरी एल्मोर यांच्या चित्रानें सजलेली ती तांबडी पेटी फ्रेंच, जर्मन इत्यादि भाषांतही गेली. मेंट्झर यांनीं एक नवी युक्ति केली. वाचकानें पुस्तक उघडतांच त्याला एक तयार योद्धा दिला आणि एकट्यानें वाचावयाची एक कथा सांगितली. तींत अलीना नांवाची धर्मोपदेशिका त्यास भेटते, मदत करते, आणि बार्गल नामक दुष्ट जादूगाराच्या हातून मरते. त्या मरणाचें दुःख कित्येक वाचकांनीं पुढें उतारवयांतही बोलून दाखविलें आहे. कथा संपली, खेळ म्हणजे काय हें मनांत ठसलें, कीं मग स्वतःचा नायक घडविण्याचे नियम येत. तयार नायक हा येथें पाहुणा होता, घरचा धनी नव्हे.

हें सारें पालटलें तें मोठ्या खेळाच्या वाढीमुळें. लेक जिनीव्हाची मूळ कंपनी १९९७ सालीं 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'नें घेतली, आणि २००० सालीं खेळाची तिसरी आवृत्ति निघाली. वंशांवरील पायऱ्यांची बंदी गेली. कोणत्याही वंशानें कोणताही पेशा घ्यावा, पायरीपायरीला पेशा बदलावा, डझनावारी कौशल्यांत गुण वाटावे, आणि विशेष करामतींच्या लांब यादींतून आपल्याला हव्या त्या वेंचाव्या. स्वातंत्र्याची ही मोठीच वाढ होती. परंतु स्वातंत्र्य वाढलें कीं निवडी वाढतात. निवडी वाढल्या कीं चुकीची भीति वाढते, आणि तो अर्ध्या तासाचा कागद एका संध्याकाळचें काम होऊन बसतो. नवशिक्यास इतका वेळ थांबविणें शक्य नव्हतें. तेव्हां त्याच्या पेटींतून नियमांची गर्दी कमी करण्याऐवजीं नायक घडविणें हेंच मुळीं काढून टाकण्याकडे कल झाला. २००४ च्या पेटींत रंगविलेल्या बाहुल्या, भुयाराचे जुळवावयाचे तुकडे आणि तयार पात्रें होतीं. मोठ्यांच्या खेळांत मोकळीक जसजशी वाढली, तसतशी नवशिक्याच्या हातांतली घटली, असा हा उलटा प्रवास आहे.

त्याचें शुद्ध स्वरूप पाहावयाचें तर २०१४ ची 'स्टार्टर सेट' पेटी पाहावी. नियमांचीं बत्तीस पृष्ठें, कथेचीं चौसष्ट, आणि पांच तयार नायक: दोन मानव योद्धे, एक ड्वार्फ धर्मोपदेशक, एक हाफलिंग चोर, एक एल्फ जादूगार. पांचव्या पायरीपर्यंत काय वाढत जाईल तें त्याच कागदावर छापलेलें. प्रत्येकाचा पूर्वेतिहास, त्याचें ध्येय, कथेंतील गांवाशीं त्याचें नातें, सर्व आधींच ठरलेलें. खेळाडूसाठीं नांवाची जागा तेवढी कोरी ठेवलेली! पायऱ्यांची तुलना करूं गेल्यास ही पेटी मोल्डव्हे यांच्या पेटीहून दोन पायऱ्या पुढें जाते. पण येथें दुसरी पायरी ३०० अनुभवांत येते आणि दोनतीन बैठकींत माणूस तिसरीवर असतो. उंची अधिक दिली आणि घडण काढून घेतली.

न्यायानें बोलावयाचें तर ही पेटी वाईट नाहीं. तिच्यांतील कथा रचनेनें फार चांगली आहे, आणि चार अनोळखी माणसें पेटी उघडून तासाभरांत खेळूं लागतात ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना स्वतःचे नायक घडवावयाचे होते त्यांच्यासाठीं प्रकाशकांनीं त्याच सुमारास चार वंश व चार पेशे यांचे नियम विसाव्या पायरीपर्यंत विनामूल्य उपलब्धही केले. मात्र ते पेटीबाहेर. वाढदिवसाला आजोबांनीं आणून दिलेली पेटी ज्या मुलानें उघडली, त्याच्या हातीं दुसऱ्या कोणीं तरी रंगविलेला योद्धा आला. माझी तक्रार एवढीच आहे. घडविणें हा खेळापूर्वींचा कंटाळवाणा उपचार आहे असें त्या पेटीनें मानलें. वस्तुतः तो खेळाचा पहिला धडा आहे. बल चौदा असणें म्हणजे काय, तें बेरजेच्या कोणत्या घरांत उतरतें, चिलखत जड घेतलें तर पैसा कोठें कमी पडतो, हें तयार कागद वाचून कळत नाहीं.

वेळेचा प्रश्न इतका अवघड होता असेंही नाहीं. प्रतिस्पर्धी 'पाथफाइंडर' या खेळाचा मुख्य ग्रंथ ५७६ पृष्ठांचा. पण त्याची २०११ सालची नवशिक्यांची पेटी पाहा. मानव, एल्फ व ड्वार्फ हे तीन वंश, योद्धा, चोर, धर्मोपदेशक व जादूगार हे चार पेशे, पायऱ्या पांच. नायकाच्या कागदावरील प्रत्येक घरास एकेक अक्षर दिलेलें, आणि पुस्तकांतही त्या त्या अक्षरापाशीं तेथें काय लिहावयाचें तें सांगितलेलें. ज्यांना तेवढाही धीर नाहीं त्यांच्यासाठीं तयार नायकही त्याच पेटींत. निवडी मोजक्या, पण निवड खरी. 'डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनींही २०१९ सालीं 'इसेन्शियल्स किट' काढून चार वंश, पांच पेशे व सहा पायऱ्या यांसह घडणीचे नियम पुन्हां पेटींत घातले. परंतु २०२२ च्या पेटींत परत तयार नायकच आले.

त्या मानानें २०२५ सालची 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' ही पेटी कुतूहल वाटण्यासारखी आहे. तिच्या कथेचें स्थळ म्हणजे गायगॅक्स यांचा सरहद्दीवरचा जुना किल्ला. मोल्डव्हे यांच्या पेटींत त्याच किल्ल्याची कथा घातलेली असे. या पेटींत नायकाचे तुकडे केले आहेत. पेशाचा एक फलक, वंशाचें एक पत्ता-पान, पूर्वायुष्याचें दुसरें. तीं शेजारीं शेजारीं मांडलीं कीं नायक तयार. फांसे टाकून गुण पाडणें नाहीं, पण जुळणी खेळाडूची. पेशे चार आहेत, आणि मर्यादा पुन्हां तिसऱ्या पायरीचीच.