बसलेल्या गालाची कुळकथा

बोईसर-तारापूरकडे अनोळखी आजार दिसला की बोट आधी एमआयडीसीच्या धुराकडे जातं, नाहीतर अणुवीज केंद्राकडे. अर्धा चेहरा झिजवणाऱ्या आजारापुरतं तरी ते बोट मागे घ्यावं. तारापूरचं केंद्र १९६९ सालचं. या आजाराची नोंद बाथचे डॉक्टर कॅलेब पॅरी यांच्या लेखनात १८२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. १८४६ मध्ये बर्लिनच्या मॉरिट्झ रॉम्बर्ग यांनी त्याचं वर्णन केलं आणि दोघांची नावं त्याला चिकटली.

सुरुवात बहुधा विशीच्या आत. एका गालाखालची चरबी विरत जाते, कातडी हाडाला टेकते, कधी जीभ आणि जबडाही आक्रसतो. लोक लकवा समजतात, पण चेहऱ्याची हालचाल सहसा शाबूत राहते, हसता येतं. काही वर्षं झीज चालते आणि मग आपसूक थांबते. रॉम्बर्ग यांनी दोष मज्जातंतूंना दिला. आजचा संशय शरीराच्या बिथरलेल्या प्रतिकारशक्तीवर आहे. मलाही तोच पटतो, कारण कपाळावर तलवारीच्या वारासारखा चर पाडणारा त्वचारोग कधीकधी याच्याच जोडीनं दिसतो.

माझं खरं कुतूहल पुढचं आहे: गेलेला गाल भरायचा कसा? १८९३ मध्ये जर्मनीत गुस्ताव नॉयबर यांनी दंडाची चरबी चेहऱ्यावरच्या खळग्यात भरली. तुकडे लहान असले तरच टिकत. मोठ्या तुकड्याला नव्या जागी रक्त मिळत नाही आणि तो विरघळतो.

इथं मुंबईचं जे.जे. रुग्णालय गोष्टीत येतं. तिथले प्लास्टिक सर्जन नोशीर अंतिया हे ब्रिटनमधले नामांकित प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले. १९७१ मध्ये अंतिया आणि त्यांचे सहलेखक बुच यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये लिहिलं की पोटावरचा चरबीचा तुकडा त्यांनी रक्तवाहिन्यांसकट उचलून चेहऱ्यावर नेला आणि तिथल्या वाहिन्यांना थेट जोडला. म्हणजे चरबी आपला रक्तपुरवठा जोडूनच नांदायला आली.

तरी पहिलेपणाचा मान अनेकदा १९७३ च्या डॅनियल आणि टेलर यांना मिळतो. मेलबर्नमध्ये त्यांनी जांघेतली कातडी अशाच रक्तवाहिन्या जोडून पायावर बसवली. अंतियांचा तुकडा वरचा पापुद्रा काढून आत पुरलेला होता, तो उघड्यावर जगलेला दिसला नाही, म्हणून तो पुरता मोजायचा नाही, असा यामागचा युक्तिवाद. मला तो उलटा वाटतो. बसलेल्या गालाला कातडी सहसा नकोच असते, ती बहुधा शाबूत असते; गेलेली असते ती आतली गादी. पायाच्या जखमेसाठी मेलबर्नची रीत थोर असेल, पण या आजाराच्या वंशावळीत मूळपुरुष जे.जे.चाच.

अंतियांनाच हे का सुचलं? माझा तर्क असा: त्यांची उमेदीची वर्षं कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात सावरण्यात गेली. रोग थांबला तरी चेहऱ्यामुळे माणसाला गावात जागा मिळत नाही, हे त्यांनी रोज पाहिलं असणार. चेहऱ्यावरचा नुसता खळगा हे मोठ्या शस्त्रक्रियेचं कारण ठरू शकतं, हे पटायला अशीच नजर लागते.

आता उथळ खळग्यात पोटाची किंवा मांडीची चरबी सुईनं भरतात, बहुधा एकाहून अधिक बैठकांत, कारण तिचा काही भाग विरतोच. खोल खळग्याला मात्र अजून रक्तवाहिन्या जोडलेला तुकडाच लागतो, आणि तोही शक्यतो झीज थांबल्यावर.