धर्मापुरीचा परिसर आणि परिचर्याविद्येंतील संशोधन-पदवी

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यांतील धर्मापुरी हें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. तेथील केदारेश्वराचें चालुक्यकालीन देवालय व त्याच्या बाह्य भिंतींवरील स्त्रीमूर्ति पाहण्यास संशोधक जात असतात. परंतु या गांवाच्या निमित्तानें आज आम्ही जो विषय मांडणार आहों तो मूर्तींचा नव्हे. रुग्णपरिचर्या या विद्येंत आपलीं विद्यापीठें आतां संशोधनाची उच्च पदवी देतात, आणि कित्येक विद्वान् गृहस्थांस ही गोष्ट अद्याप नवलाची वाटते. अंग पुसणें, पथ्य करणें, उशाशीं बसणें यांत संशोधन तें कसलें, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचें उत्तर जुन्या ग्रंथांतच आहे, आणि ज्यांच्या दप्तरांत हस्तलिखितें आहेत त्यांच्याशीं त्या उत्तराचा विशेष संबंध आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे परिचारक. त्याचे चार गुण तेथें मोजले आहेत. त्यांत रोग्याविषयीं प्रेम तिसरें व शुचिता चौथी. पहिला गुण उपचारज्ञता, म्हणजे उपचाराचें ज्ञान. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायांत हा क्रम फिरवून प्रेम आरंभीं ठेविलें व बुद्धि शेवटीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें या ग्रंथावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली, तेव्हां ही चर्चा आपल्या प्रांतास परकी नाहीं. क्रमावरून मोठा सिद्धांत काढणें युक्त नव्हे हें आम्ही जाणतों. तथापि लोकांच्या मनांत वाग्भटाचाच क्रम रुजलेला दिसतो. परिचारिका मायाळू असावी एवढें सर्वांस आठवतें. ती जाणती असावी याचा विसर पडतो. वस्तुतः शुश्रूषा हा शब्दच श्रु धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. सेवा हा अर्थ मागाहून आला.

चरकाच्या पंधराव्या अध्यायांत रुग्णगृहाची सिद्धता वर्णिली आहे. भात व कढण शिजविणारे, स्नान घालणारे, अंग चोळणारे, रोग्यास उठविणारे व निजविणारे, औषधें वाटणारे अशीं माणसें तेथें हवींत. त्यांच्या जोडीस गाणारे, कथा सांगणारे आणि इतिहासपुराणांत कुशल असे लोकही ठेवावे असें ग्रंथकार म्हणतो. आम्हां इतिहासाच्या भक्तांस रोग्याच्या उशाशीं इतक्या प्राचीन काळीं जागा मिळाली होती हें वाचून संतोष होतो.

परंतु याच संहितेंत एक उणीवही आहे. वैद्याचें प्राधान्य सांगतांना तिनें कुंभाराचा दृष्टांत दिला आहे : कुंभारावांचून माती, दांडा, चाक व दोरा जसे व्यर्थ, तसे वैद्यावांचून इतर तीन पाद. दृष्टांत सुरेख आहे, पण त्यानें उपस्थाता चाकाच्या पंक्तीस बसला. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत सूतिकागाराचें साहित्य सांगितलें आहे. तेथें लांबलचक यादी दिल्यावर, ब्राह्मण व अनुभवी वृद्ध स्त्रिया आणखी जें कांहीं सांगतील तेंही आणावें, असा आदेश आहे. म्हणजे ग्रंथकारानें त्या वृद्ध स्त्रियांचा अधिकार मान्य केला. मात्र त्या काय सांगत तें लिहून ठेविलें नाहीं. सारी लेखणी वैद्याच्या हातीं राहिली. परिचर्येंतील संशोधन-पदवीचें ऐतिहासिक महत्त्व आमच्या मतें याच ठिकाणीं आहे : चार पादांपैकीं तिसऱ्याच्या हातीं तिच्यामुळें प्रथमच लेखणी आली.

ही लेखणी एकाएकीं आलेली नाहीं. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं इ. स. १८८६ मध्यें पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पदवी वैद्यकाची होती, परिचर्येची नव्हे. तरी एका महाराष्ट्रीय स्त्रीनें आपल्याकडील प्रसूतीचे आचार प्रबंधरूपानें परदेशीय विद्वानांपुढें ठेविले. पुढें इ. स. १९०९ मध्यें पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन निघालें, आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या. त्यांत विधवाही होत्या. त्या काळीं हें धाडस लहान नव्हतें.

पदव्यांचा क्रम थोडक्यांत असा. दिल्लीस १९४६ सालीं परिचर्येचें महाविद्यालय निघालें. तेंच पुढें राजकुमारी अमृत कौर यांच्या नांवानें प्रसिद्धीस आलें. तेथें १९५९ पासून एम्. एस्सी. व १९८६ पासून एम्. फिल्. या पदव्यांचे अभ्यासक्रम चालू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीं एम्. फिल्. बंद केली, म्हणून आतां एम्. एस्सी. नंतर पीएच्. डी. हाच मार्ग राहिला. महाराष्ट्रांत १९९८ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ या विद्येच्या पदव्या देतें. मार्गदर्शक, आराखडा, नीतिसमितीची संमति, मग प्रबंध व मौखिक परीक्षा, ही रीत इतर विद्यांसारखीच आहे. एक भेद मात्र आहे : बाडास विचारल्यावांचून त्याची नक्कल करतां येते, रुग्ण स्त्रीस आधीं विचारावें लागतें, व तिनें नाहीं म्हटल्यास परत फिरावें लागतें.

आतां धर्मापुरीच्या टापूकडे वळूं. बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यावयाची, ती फिटेपर्यंत कोपींत राहावयाचें, आणि खाडा झाला तर पैसे कापून घ्यावयाचे. या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात असा बोभाटा झाल्यावर २०१९ सालीं शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. म्हणजे सुमारें सहांत एक. शस्त्रक्रियेची नोंद वैद्याच्या कागदांत मिळेल. परंतु त्यानंतर तिला ऊन पाणी कोणीं दिलें, कितव्या दिवशीं तिनें पुन्हां डोक्यावर मोळी घेतली, कोपींत तिला आडोसा होता कीं नव्हता, घरच्या वृद्ध स्त्रियांनीं काय खावयास सांगितलें, हे प्रश्न उपस्थात्याचे आहेत. ते विचारण्यास शिकलेली परिचारिकाच पाहिजे. अंबेजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय आहे; आम्ही संशोधक मंडळी दासोपंतांची पासोडी पाहण्याकरितां त्या गांवीं जातों, आणि रुग्णालयाच्या दारावरून तसेच पुढें निघून जातों.

या कामीं संग्राहकांस करतां येण्यासारखें बरेंच आहे. जुन्या घरांतील बाडांत वंशावळी, सनदा व पदें यांच्यामध्यें बाळंतिणीचा काढा, घुटीचें प्रमाण, तापांतील पथ्य असलीं टांचणें सांपडतात. ऐतिहासिक किंमत नाहीं म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होतें, कधीं तीं पानें फाडूनही टाकिलीं जातात. तसें करूं नये. पान ज्या बाडांत असेल त्यांतच राहूं द्यावें. घराचें व गांवाचें नांव, लिपि मोडी कीं बाळबोध, कागद, अक्षराचें वळण आणि शक किंवा संवत्सर असल्यास तो, एवढें टिपून ठेवावें. प्रमाणें शेर, तोळा, मासा अशीं असतील तर तशींच उतरावीं, बदलूं नयेत. औषध सांगणाराचें नांव असेल, विशेषतः स्त्रीचें, तर तें अवश्य नोंदवावें. धर्मापुरी, घाटनांदूर, परळी व अंबेजोगाई या टापूंतील अशा पानांची यादी सिद्ध झाल्यास ती परिचर्येच्या अभ्यासकांस मागतांच मिळेल अशी व्यवस्था व्हावी, आणि मोडी वाचून देण्याचें काम आपल्यांतील जाणत्यांनीं पत्करावें.