काकूंचं खोकं आणि एक झेरॉक्स

मागच्या रविवारी शेजारच्या काकू बुटाचं एक खोकं घेऊन आल्या. (इथे अमेरिकेत सगळे त्यांना नावानेच हाक मारतात. मला ते इतक्या वर्षांत जमलेलं नाही, त्यामुळे इथे लिहिताना काकूच.) त्यांचे यजमान २०१७ साली हृदयविकाराने गेले. तरुणपणी, १९६७ मध्ये, ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ होते. खोक्यात त्यांचे कागद. "तुला कंप्युटरमधलं कळतं, जरा बघतेस का?" एवढंच काकूंचं म्हणणं. मी म्हटलं बघते, आणि आठवडाभर त्यातच अडकले.

एजंट ऑरेंज हे नाव ऐकून होते. ते पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यामुळे पडलं हे मात्र आत्ता कळलं. जानेवारी १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनामवर विमानांतून जवळपास दोन कोटी गॅलन तणनाशकं फवारली. जंगलाची पानं झडली की खाली लपलेला शत्रू दिसेल, हा हिशोब. त्यातलं निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज, म्हणजे दोन तणनाशकांचं मिश्रण: २,४-डी आणि २,४,५-टी.

हे फोनवर सांगितलं तर सांगलीचा आतेभाऊ दचकलाच. "अगं, टू-फोर-डी आम्ही उसात मारतो!" तर दादा, घोळ मुख्यतः दुसऱ्यात होता. २,४,५-टी बनवताना त्यात डायॉक्सिन नावाचं विष उतरतं. अगदी सूक्ष्म प्रमाणात, पण ते शरीरात वर्षानुवर्षं राहतं. (म्हणून तू उघड्या हातांनी फवारणी करावीस असं नाही.)

सैनिक घरी आले, आणि काही वर्षांनी आजारी पडू लागले. १९७८ मध्ये शिकागोच्या टीव्हीवर यावर माहितीपट आला. त्यामागे मॉड डिव्हिक्टर नावाची बाई होती, माजी सैनिकांच्या खात्यात दावे हाताळणारी कर्मचारी. समोर येणाऱ्या आजारी माणसांमध्ये आणि फवाऱ्यामध्ये काहीतरी धागा आहे, हे तिने हेरलं होतं. सैनिकांनी रसायन कंपन्यांवर खटला भरला, १९८४ च्या मे महिन्यात तो सुरू व्हायच्या काही तास आधी कंपन्यांनी १८ कोटी डॉलर्सवर तडजोड केली. आकडा मोठा वाटतो ना? सुमारे ५२ हजार लोकांत वाटल्यावर सरासरी एकेकाला ३,८०० डॉलर्स आले.

सरकार तर क्लोरॅक्ने हा त्वचेचा एक विकार सोडून काहीच मान्य करत नव्हतं. बाकी आजारांसाठी म्हणायचं, सिद्ध करा. आता मला सांगा, १९६८ मध्ये अंगावर पडलेल्या फवाऱ्याने १९८५ मध्ये कर्करोग झाला हे कोण कसं सिद्ध करणार? माझे बाबा दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देतात. दरवर्षी चिडतात, पण निदान त्यांना स्वतःला उभं तरी करता येतं! इथे पुरावा वीस वर्षांपूर्वीच पावसाबरोबर वाहून गेलेला.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने नेहमर खटल्यात सांगितलं की कायद्याने फक्त संबंध दाखवायला सांगितलंय, खात्याने मात्र कार्यकारणाचा पुरावा मागितला. ते नकार रद्द. आणि १९९१ च्या कायद्याने ओझंच उलटवलं. व्हिएतनाममध्ये होतात ना? मग फवाऱ्याशी संपर्क आला असं गृहीत. यादीतला आजार आहे ना? मग तो त्यामुळेच, हेही गृहीत. यादी मात्र हळूहळू वाढत गेली. प्रोस्टेटचा कर्करोग १९९६, मधुमेह २००१, हृदयविकार २०१०, रक्तदाब तर थेट २०२२!

या सगळ्यात एक माणूस माझ्या डोक्यातून जाईना. अॅडमिरल एल्मो झुमवाल्ट. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या नद्यांमधून नौदलाच्या लहान बोटी जायच्या आणि दोन्ही काठांच्या झाडीतून त्यांच्यावर गोळ्या यायच्या. म्हणून काठांवर फवारणी करायचा आदेश झुमवाल्टनी दिला. त्याच नद्यांत त्यांचा मुलगा एका बोटीचा कप्तान होता. १९८३ मध्ये मुलाला लिम्फोमा झाला, १९८८ मध्ये तो गेला, वय ४२. बापलेकांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि त्यात बापाने म्हटलंय की आज जे ठाऊक आहे ते तेव्हा असतं तरी मी तोच आदेश दिला असता, कारण त्याने माणसं वाचली. मी हे दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, दुसरं काय म्हणणार तो? पण त्याच माणसाने १९९० मध्ये सरकारला अहवाल दिला की या आजारांचा फवाऱ्याशी संबंध मानायला पुरेसा आधार आहे. पुढच्याच वर्षी वरचा कायदा झाला.

व्हिएतनामी लोकांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. त्यांनीही अमेरिकेत कंपन्यांवर खटला भरला होता. २००५ मध्ये तो फेटाळला गेला, १९८४ ची तडजोड घडवणाऱ्या त्याच न्यायाधीशांकडून. ज्यांच्या शेतावर, विहिरीवर ते पडलं त्यांच्यासाठी कसलंच गृहीत नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तर काकूंचे यजमान. ते जहाजावर होते, जमिनीवर उतरले नव्हते. आणि २००२ पासून खात्याने धरून ठेवलं की पाय जमिनीला लागलेला हवा. मजा बघा, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात संशोधकांनी दाखवलं की जहाजावर समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात तेव्हा त्यातलं डायॉक्सिन वाफेबरोबर पिण्याच्या पाण्यात येतं, उलट जास्तच दाट होऊन. तरी २००८ मध्ये न्यायालयाने खात्याचीच बाजू उचलली. २०१९ च्या जानेवारीत ते उलटलं, पाठोपाठ कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून किनाऱ्यालगतच्या ठरवलेल्या रेषेपासून बारा सागरी मैलांच्या आत असलेली जहाजं धरली गेली. काका तेव्हा नव्हते.

बारा मैलांचं जमण्यासारखं आहे. जहाजांच्या रोजच्या नोंदवह्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. काकांच्या जहाजाच्या पानावर तोफा डागल्याची वेळ आणि किनाऱ्याचं अंतर दोन्ही सापडलं. काकूंना विधवा म्हणून निवृत्तिवेतन मिळायला हरकत दिसत नाही.

पण खोक्याच्या तळाशी आणखी एक कागद होता. २००३ चा, मधुमेहासाठीचा अर्ज, काकांच्या अक्षरात. झेरॉक्स. नेहमर खटल्यामुळे जुना, नाकारलेला अर्ज असेल तर पैसे त्या तारखेपासून मोजतात, माणूस गेला असला तरी वारसांना. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने जहाजावरच्यांनाही तेच लागू केलं. म्हणजे हा अर्ज खरंच पाठवला असेल तर चौदा वर्षांची थकबाकी. नसेल तर त्यातलं काही नाही.

"हे असल्या कशासाठी हात पसरायचे नाहीत," असं ते म्हणायचे, काकू म्हणाल्या. अर्ज केल्याचं त्यांना कधी बोललेच नाहीत. नकाराचं पत्र खोक्यात नाही, पोचपावतीही नाही.

मी म्हटलं, काकू, झेरॉक्स कोण काढतं? ज्याला मूळ कागद पाठवायचा असतो तो. त्या बराच वेळ ते अक्षर बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

काकांची जुनी फाइल मागणारं पत्र सोमवारी टाकलं. काकू रोज संध्याकाळी त्यांची पत्रपेटी उघडतात, आणि हल्ली मीही खिडकीतून बघते.