तारलीची बाळे आणि वऱ्हाडचा पाऊस

आम्ही वऱ्हाडी माणसे. समुद्र आम्हांला भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात, नाहीतर आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या टोपलीत. तरीही अकोल्याची पऱ्हाटी आणि मलबारची तारली यांचे दैव एकाच वाऱ्याच्या हाती आहे असे म्हटले, तर वाचकांनी हसू नये.

तारली मोठी लहरी. एखाद्या साली इतकी, की माणसांना खाऊन उरलेली नारळीच्या मुळाशी खत म्हणून जावी. पुढे काही वर्षे दर्शन दुर्लभ. मासे रुसून दुसऱ्या मुलखात गेले, असाच समज पूर्वी युरोपातही होता. १९१४ साली नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी तो मोडून काढला. १९०४ साली जन्मलेली हेरिंग माशांची एकच पिढी पुढे कित्येक वर्षे तिथल्या कोळ्यांची जाळी भरत होती, हे त्यांनी दाखवले. मग त्याच सालची बाळे एवढी जगली कशी? यॉर्ट यांचे अनुमान साधे होते. अंड्यातून निघालेल्या पिलाजवळ बलकाची इवलीशी शिदोरी असते. ती संपताच तोंडाशी अन्न हवे. ते नसले, किंवा प्रवाहाने पिलू भलतीकडे नेले, की कारभार आटोपला!

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे अन्न वाढतो तो पावसाळा. नैर्ऋत्येचे वारे सुटले की मलबारापुढे तळचे थंड, कसदार पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पतींचे पीक माजते आणि त्याच दिवसांत तारली अंडी घालते. तेच वारे पुढे आमच्या काळ्या मातीत पाऊस आणतात. दूरच्या पॅसिफिक महासागराचे पाणी तापले, म्हणजे ज्याला एल निनो म्हणतात ते झाले, की पुष्कळदा या वाऱ्यांची घडी विस्कटते, दरवेळी नव्हे. १८९९ साली ती विस्कटली. अमरावती-अकोल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘छपन्नचा काळ’ म्हणून राहिला तो हाच.

केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली निघाली; २०२१ साली जेमतेम ३,३०० टन. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या पडझडीत एल निनोचा हात दाखवला. अर्थात कोवळी मासळी बेसुमार ओढणारी जाळीही काही निर्दोष नव्हेत. ज्यांच्या होड्या कर्जाच्या, त्यांनी ती वर्षे कशी काढली असतील, हे नापिकी पाहिलेल्या वऱ्हाडाला निराळे सांगायला नको. २०२३ साली आकडा पुन्हा लाखाच्या वर गेला. तारलीचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. तेव्हा जाळ्यात आलेले हे मासे कुठून परतलेले नव्हते, मधल्या पावसाळ्यांत जगलेली बाळे होती.