२५ किलोंची थैली : आपल्या देशातील हवाई मालवाहतुकीचा आरंभ



विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकावरून आपण कितीदा तरी गेला असाल. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव तेथे लिहिले आहे, त्याच सोलापूरच्या उद्योगपतीने १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना उभा केला. आपल्या मुलांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? विमान म्हटले की आपल्या घरांत दोनच गोष्टी आठवतात, हजची यात्रा आणि आखातातली नोकरी. विमान माणसांना नेते आणि आणते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. परंतु आपल्या देशात हा धंदा रुजला तो प्रवाशांच्या जिवावर नव्हे, ओझ्याच्या जिवावर. ते ओझे होते टपालाच्या थैल्यांचे. त्याची हकिकत विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही वाचण्यासारखी आहे.

जगातील पहिली अधिकृत हवाई डाक उडाली ती आपल्याच देशात. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानातून सुमारे ६,५०० पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली. प्रवास जेमतेम १३ मिनिटांचा. पत्रामागे सहा आणे जादा आकारले होते आणि ती रक्कम विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहासाठी होती. म्हणजे हवाई डाकेची पहिली कमाई शिक्षणाच्याच कामी आली. पण तो एका दिवसाचा खेळ होता. रोजच्या धंद्याला आणखी २१ वर्षे लागली.

जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील १ क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्याच सुमारास आगाखानांनी बक्षीस जाहीर केले : इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी माणूस एकट्याने विमानातून प्रथम पुरा करील, त्याला ५०० पौंड. १९३० साली जे. आर. डी. कराचीहून निघाले. आस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून इकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा आस्पी स्पार्क प्लगसाठी खोळंबून बसला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. पुढे शर्यत आस्पीने जिंकली, आणि हाच मुलगा १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा माणूस हरला असे कोण म्हणेल?

नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक. इम्पीरियल एअरवेजचे विमान इंग्लंडची डाक कराचीला आणून टाकी. तेथून ती आगगाडीने मुंबई-मद्रासकडे निघे, आणि हवेत वाचलेला वेळ रुळांवर खर्ची पडे. व्हिन्सेंटची कल्पना अशी की, कराचीपासून पुढे हे टपाल आपणच विमानाने न्यावे. टाटांच्या पेढीचे प्रमुख सर दोराबजी मनाने कचरत होते. जॉन पीटरसन या जाणत्या अधिकाऱ्याने त्यांचे मन वळवले आणि दोन लाख रुपयांचे भांडवल मंजूर झाले. पण सरकारचे मन वळायला वर्षे गेली. अखेर अनुदान नाही, हमी नाही, जेवढी डाक न्याल तेवढेच पैसे, अशा बोलीवर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. दोराबजी मात्र जूनमध्येच वारले. पहिले उड्डाण त्यांना पाहता आले नाही.

कंपनीचा थाट काय होता म्हणाल, तर एका इंजिनाची दोन छोटी ‘पस मॉथ’ विमाने, एक पूर्णवेळ वैमानिक, जोडीला व्हिन्सेंट आणि स्वतः जे. आर. डी., अर्धवेळ इंजिनिअर, दोन शिकाऊ मेकॅनिक आणि जुहूच्या मैदानावर झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. कराचीहून सुमारे २५ किलो डाक घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट बल्लारीमार्गे डाक घेऊन मद्रासकडे गेला. ना रेडिओ, ना दिशा दाखवणारी यंत्रे. खाली पाहून वाट ओळखायची. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून तेव्हा मुक्काम पुण्यास येरवड्याला हलवावा लागे. सह्याद्रीवरचे पावसाळी ढग आपण सातारा-सांगलीकडचे लोक चांगले ओळखतो. त्या ढगांतून ही पत्रे जात होती!

आता जमाखर्च पाहा. १९३३ या पहिल्या पुऱ्या वर्षात या विमानांनी १,६०,००० मैल मजल मारली. प्रवासी मिळाले १५५ आणि डाक नेली १०.७१ टन. नफा ६०,००० रुपये. पहिल्या वर्षी डाक एकदाही चुकली नाही. वेळ पाळणे हेच खरे भांडवल ठरले. पुढे हीच कंपनी १९४६ मध्ये एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारकडे गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.

दुसरा अध्याय आपल्या नागपूरचा आहे. स्वातंत्र्यानंतर दळणवळण खाते रफी अहमद किडवई यांच्याकडे होते. त्यांच्या काळात, ३० जानेवारी १९४९ रोजी, रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. विद्यार्थी मित्रांनो, जरा गणित करा. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर घेतले की चारच पुरतात. १९७३ साली अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस कंपनीने मेंफिस शहरात रात्री सर्व विमाने एकत्र आणून पार्सले वाटण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या रात्री त्यांच्याकडे पार्सले होती फक्त १८६. आज जग त्या पद्धतीचे कौतुक करते. नागपूरच्या धावपट्टीवर हेच तत्त्व २४ वर्षे आधी राबवले गेले होते.

किडवईंच्या योजनेला खुद्द जे. आर. डीं.नी उघड विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या कंपनीचा दम काही महिन्यांतच सरला. मग त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने काम उचलले आणि सेवा टिकली. दोन कर्तबगार माणसांचे मतभेद होऊ शकतात. काम कोणते तडीस जाते, ते शेवटी माणसांच्या चिकाटीवर ठरते.

पालकहो, कवलापूरच्या विमानतळाचा विषय आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. विमाने येतील तेव्हा येतील. पण आपल्या मुलामुलींनी त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या हकिकतीत वैमानिक किती होते? मोजून तीन. बाकीचे होते थैल्या तोलणारे, नोंदी ठेवणारे, इंजिन पुसणारे, पेट्रोलची गाडी हाकणारे. शिकाऊ मेकॅनिकवाचून ते विमान उडाले नसते, आणि चोख हिशेबावाचून कंपनी टिकली नसती. मुलगी गणितात हुशार असेल, मुलाचे हात यंत्रात रमत असतील, तर ‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे’ असे त्यांना घरातच सांगू नका. ते वाक्य ऐकून किती मुले वाटेतच थांबली असतील!

कराचीहून निघालेली ती थैली २५ किलोंचीच होती. पण ती वेळेवर पोचली, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा निघाली.