मुखवट्यामागची माणसे

जपानी भाषेत ‘कामेन’ म्हणजे मुखवटा. त्या देशाच्या दूरचित्रवाणीवर जे वीरपुरुष मुलांचे दैवत होऊन बसले, त्यांपैकी कित्येकांच्या नावातच हा शब्द आढळतो. १९५८ साली अवतरलेला ‘गेक्को कामेन’ हा चंद्रप्रकाशाचा मुखवटाधारी. १९७१ सालचा ‘कामेन रायडर’ हा मुखवटा घातलेला स्वार. पहिल्याच्या डोक्याला शुभ्र पागोटे आणि डोळ्यांवर काळा चष्मा. दुसऱ्याचे शिरस्त्राण नाकतोड्याच्या तोंडासारखे. दोघेही मोटारसायकलीवर आरूढ होऊन यावयाचे आणि दुष्टांचे निर्दालन करावयाचे. मुलांनी प्रेम केले ते या मुखवट्यांवर. त्यांच्या आत घामाने निथळणारा, धडपडणारा, महिनाअखेरच्या पगाराची वाट पाहणारा एक माणूस आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे ती मुले मोठी झाली, त्यांच्या केसांत पांढरे दिसू लागले, आणि मग ती त्या माणसाला भेटावयास निघाली. या भेटीगाठींच्या इतिहासाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

विषय वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु करमणुकीचा इतिहास हा कष्टाचाही इतिहास असतो, आणि ज्यांनी कष्ट केले त्यांची नावे त्यात क्वचितच येतात. म्हणून थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी जपानी मुलांचा वीरपुरुष रस्त्यावर भेटत असे. १९३०च्या सुमारास तेथे ‘कामिशिबाई’ म्हणजे कागदी चित्रांची नाटके भरभराटीस आली होती. कथेकरी सायकलवर लाकडी चौकट बांधून येई, दोन लाकडी टिपऱ्या वाजवून मुले गोळा करी, त्यांना गोळ्या विकी, आणि चित्रे एकामागून एक सरकवीत कथा सांगे. सोनेरी कवटीचा चेहरा असलेला ‘ओगोन बाट’ हा वीर याच कागदांवर जन्मास आला. १९५३ साली जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण सुरू झाले आणि सायकलवरच्या कथेकऱ्याचे श्रोते हळूहळू पडद्यासमोर जाऊन बसले. वीरही त्यांच्यामागून गेला. मात्र चित्रातला वीर उडू शकतो, पडद्यावरच्या वीरासाठी कोणाला तरी उडी मारावी लागते. मुखवट्यामागच्या माणसाची कहाणी येथून सुरू होते.

या माणसांत आद्य मान हारुओ नाकाजिमा यांचा. १९५४ साली तोहो कंपनीने ‘गोजिरा’ हा चित्रपट काढला, तेव्हा चमत्कृतिदृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांच्यापुढे पेच होता. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मध्ये बाहुली कणाकणाने हलवून चित्रीकरण केले होते, आणि त्सुबुराया यांना त्याचे अतोनात कौतुक होते. पण त्या पद्धतीला लागणारा वेळ त्यांच्यापाशी नव्हता. तेव्हा रबरी कातडे करून त्यात माणूस घालावा आणि त्याच्या पायांखाली छोटी छोटी घरे मांडावीत, असा मार्ग निघाला. पहिले कातडे सुमारे १०० किलो वजनाचे निघाले आणि ते घालून धड चालताही येईना. वर दिव्यांची धग अशी की, काही मिनिटांतच माणसाचा जीव कासावीस व्हावा. नाकाजिमा यांनी टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वल कसे पाऊल टाकतात याचे निरीक्षण केले आणि त्यातून त्या राक्षसाची चाल सिद्ध केली. १९७२ पर्यंत त्यांनी हे काम बारा चित्रपटांत केले. पुढे नटांना कायम करारावर ठेवण्याची पद्धत चित्रपटसृष्टीत मोडीत निघाली, आणि ज्याच्या पावलांखाली टोकियो शहर चिरडले होते तो हा नट कंपनीच्याच बोलिंगच्या क्रीडागृहात कामास लागला.

दुसरे उदाहरण बिन फुरुया यांचे. १९६६ साली ‘उल्ट्रामॅन’ या मालिकेसाठी चित्रकार तोरू नारिता यांनी रुपेरी-तांबड्या वीराचे रूप रेखाटले. त्याआधीच्या ‘उल्ट्रा क्यू’ मालिकेत फुरुया यांनी एका परग्रहवासीयाचे सोंग घेतले होते. त्यांची उंच शरीरयष्टी आणि लांब हातपाय नारितांच्या नजरेत भरले होते. चेहरा दिसावा म्हणून नट झालेल्या तरुणाला चेहरा झाकण्याचेच काम मिळाले! पाणबुड्यांच्या पोशाखाच्या रबराचा तो अंगरखा, दिसण्यापुरती बारीक भोके, आणि आत साचणारा घाम. दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरून किरण सोडण्याचा जो आविर्भाव पुढे जगभर गाजला, त्याचा सराव ते रोज आरशासमोर शेकडो वेळा करीत. उल्ट्रामॅन किंचित वाकून लढतो, त्याचे मूळ त्यांनीच पुढे सांगितले: अमेरिकन नट जेम्स डीन यांच्या १९५५ सालच्या एका चित्रपटातील चाकूच्या झटापटीचा पवित्रा त्यांच्या मनात ठसला होता. एकदा हे काम सोडावयाचे असा निश्चय करून ते निघाले असता बसमध्ये काही मुले उल्ट्रामॅनविषयी भान हरपून बोलताना त्यांनी ऐकली, आणि तो निश्चय तेथेच विरला. पुढच्याच ‘उल्ट्रासेव्हन’ मालिकेत त्यांना मुखवट्याविना भूमिका मिळाली.

‘कामेन रायडर’ची हकीकत याहून निराळी. शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या मालिकेत नायक हिरोशी फुजिओका सुरुवातीस मुखवटाही स्वतःच घालीत. नवव्या-दहाव्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळी मोटारसायकलीचा अपघात होऊन त्यांचा पाय मोडला. मालिका चालू ठेवण्यासाठी त्यांचे मित्र ताकेशी सासाकी यांना पाचारण करण्यात आले. मित्राच्या संकटात त्याची जागा बळकावणे त्यांना रुचेना. फुजिओका बरे होईपर्यंतच, या बोलीवर ते तयार झाले. सासाकी यांच्याकडे मोटारसायकलीचा परवाना नव्हता. भरधाव गाडीवर वारा अंगावर घेऊन रूप पालटण्याची जुनी युक्ती त्यामुळे चालेना. मग उभ्या उभ्या हातवारे करून रूप पालटण्याची नवी रीत योजण्यात आली. जपानभर मुले जिचे अनुकरण करू लागली ती ही रीत एका परवान्याच्या अभावातून जन्मली! आणि रूप पालटल्यावर मुखवट्याआड जे असत ते ओनो केन्यूकाई या झुंजपटूंच्या पथकातले गडी. म्हणजे एकाच वीराचे तोंड एकाचे, अंग दुसऱ्याचे, अशी विभागणी रूढ झाली. कीर्ती बहुधा तोंडाला मिळाली आणि जखमा अंगाला.

आता भेटींकडे वळू. उल्ट्रामॅनचा पहिला भाग १७ जुलै १९६६ रोजी प्रक्षेपित झाला. पण त्याच्या आठवडाभर आधीच टोकियोतील सुगिनामी सभागृहात मुलांना जमवून वीराचे रंगमंचीय दर्शन घडविण्यात आले होते. ९ जुलैला झालेला हा सोहळा १० जुलैला दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, आणि म्हणूनच १० जुलै हा उल्ट्रामॅनचा दिवस मानला जातो. म्हणजे कथेच्या आधी भेट झाली असे म्हणावयास हरकत नाही. पुढे टोकियोच्या कोराकुएन क्रीडोद्यानात या वीरांचे प्रयोग होऊ लागले. तेथे येऊन माझ्याशी हस्तांदोलन करा, असे निमंत्रण जाहिरातींतून मुलांना दिले जाई आणि मुले ते मनोभावे स्वीकारीत. परंतु या सर्व भेटी मुखवट्याशी झालेल्या होत्या. मुलाच्या हातात येई तो हातमोजा.

हातमोज्याच्या आतल्या हाताचा शोध लागावयास १९७०च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. त्या सुमारास विशीच्या आसपासच्या काही तरुणांनी ‘काइजू क्लब’ नावाचे मंडळ स्थापून हस्तलिखिताच्या धर्तीवर नियतकालिक काढले. कोणता राक्षस कोणी घडविला, त्याच्या आत कोण होते, कोणते दृश्य कसे साधले, हे ते जाणत्यांना गाठून विचारू लागले. मोठ्यांच्या जगाला हे चाळे निरर्थक वाटत असतील. पण आज त्या मालिकांचा जो तपशीलवार इतिहास उपलब्ध आहे, त्याचा पाया अशाच हौशी पोरांनी घातला. पुढे मेळावे भरू लागले. उल्ट्रासेव्हनचे नायक कोजी मोरित्सुगु यांनी फुजिसावा येथे उपाहारगृह काढले, तेव्हा चाहते तेथे जेवावयास जात आणि आपल्या लहानपणच्या वीराला समक्ष पाहून येत.

हे लोण परदेशांतही गेले. हवाई बेटांवर ऊसमळ्यांत राबण्यासाठी गेलेल्या जपानी कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी १९७४ साली ‘किकाइडा’ पाहू लागली. अर्धे अंग निळे, अर्धे तांबडे, आणि सदसद्विवेकाचे यंत्र अपुरे राहिलेला असा हा यंत्रमानव. तेथील केंद्राने ही मालिका मूळ जपानीतच, खाली इंग्रजी अक्षरे देऊन दाखविली. महायुद्धाच्या काळात ज्या बेटांवरच्या जपानी शाळा बंद पडल्या होत्या, तेथे आजी-आजोबांची भाषा बोलणारा वीर घरोघरी लाडका झाला. नायक दाइसुके बान आणि त्याच्या पडद्यावरील थोरल्या भावाचे काम करणारे शुन्सुके इकेदा यांचे तेथे पुनःपुन्हा स्वागत झाले, आणि १२ एप्रिल २००२ हा दिवस हवाईच्या राज्यपालांनी त्या पिढीच्या नावे घोषित केला. ब्राझीलमध्ये १९०८ पासून जपानी वस्ती. तेथे १९८८ साली ‘जास्पियन’ आणि ‘चेंजमॅन’ लागले आणि जपानी रक्ताचा थेंबही नसलेली मुले त्यांच्या नादी लागली. साओ पाउलोच्या मेळाव्यांना जपानी नट आणि गायक आवर्जून बोलावले जाऊ लागले. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात १९९४ पासून ‘जी-फेस्ट’ हा मेळावा भरू लागला, आणि नाकाजिमा व फुरुया यांच्यासारख्यांना, ज्यांचे तोंड पडद्यावर फारसे कोणी पाहिलेच नव्हते, त्यांना पाहण्यासाठी तेथे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

अशा मेळाव्याचे स्वरूप साधे असते. एक मेज, त्यामागे वृद्ध नट, शेजारी दुभाष्या, आणि समोर रांग. रांगेतल्यांच्या हातात जुनी छायाचित्रे, पत्र्याची खेळणी, किंवा स्वाक्षरीसाठी जपानात वापरतात ती ‘शिकिशी’ नावाची चौकोनी पुठ्ठ्याची पाटी. स्वाक्षरीला आणि छायाचित्राला बहुतेक ठिकाणी दाम मोजावे लागतात. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण येथे आठवावी. ज्यांनी सोंगे आणण्यातच हाडे झिजविली, त्यांना उतारवयात दोन पैसे मिळाले तर त्यात आक्षेपार्ह काय? खरा धोका निराळा आहे. रांगेतला प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो आणि नट तीच आठवण सांगतो. वारंवार सांगितलेली आठवण नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते. तिच्या कडा झिजतात. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. बखरीला कागदाची जोड लागते, हा धडा आपण राजवाड्यांपासून गिरवीत आलो आहोत. बसमधल्या मुलांची गोष्ट ही बखर आहे. चित्रीकरणाच्या नोंदी, पगाराची पत्रके, कातड्याचे नकाशे हे कागद. मात्र कागद पुन्हा शोधता येतो. बखर सांगणारा माणूस एकदा गेला की गेला. आत घाम कोठे साचत असे, भोकातून किती दिसत असे, पडल्यावर उठावयास कोणी हात दिला, हे कोणत्याही कागदावर नसते.

इकेदा २०१० साली गेले. नाकाजिमा ऑगस्ट २०१७ मध्ये, ८८व्या वर्षी निवर्तले. दोघांच्याही जाण्याआधी जगातल्या अनेकांनी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली होती, एवढे समाधान आहे. सर्वांच्या वाट्याला ते आले नाही.

या कहाणीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ ही १९६७-६८ सालची जपानी मालिका लागत असे. मनगटावरच्या घड्याळात बोलून अवाढव्य यंत्रमानवाला हुकूम सोडणारा तो मुलगा आज पन्नाशीला आलेल्या पुष्कळ मराठी स्त्री-पुरुषांना आठवत असेल. त्या घड्याळाच्या हट्टापायी आईबापांची बोलणीही कोणी खाल्ली असतील. तो मुलगा आठवतो, घड्याळ आठवते, यंत्रमानवही आठवतो. पण त्या यंत्रमानवाच्या आत उभा राहून, दिव्यांच्या धगीत, आपल्यासाठी जड पावले टाकणारा माणूस कोण होता, हे आपण कधी विचारले होते काय? जपानमधल्या त्या हौशी पोरांनी विचारले. त्यांच्या प्रश्नामुळे काही वृद्धांना आपले नाव परत मिळाले, आणि एका हुनराचा इतिहास वाचला. कृतज्ञता दाखविण्याला उशीर झाला तरी चालते. पण ती ज्याला दाखवावयाची तो माणूस मेजापलीकडे असेपर्यंतच.