गॉसिप, चॅट आणि कॉम्पिअर

आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी तिघी जणी दहा मिनिटं उभ्या राहिल्या की लगेच 'काय गॉसिप चाललंय?' असा प्रश्न येतो. खाली टपरीवर पाच पोरं अर्धा तास कटिंग मारत कोणाचं प्रमोशन अडकलं, कोण पेपर टाकणार याची चर्चा करतात, त्याला मात्र 'नेटवर्किंग' म्हणायचं. विषय दोन्हीकडे एकच असतो. मी दोन्हीकडे उभा राहिलेलो आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो. :-)

हा 'गॉसिप' शब्द आला कुठून म्हणून शोधायला बसलो आणि अख्खा शनिवार गेला. पण काय मस्त गोष्ट निघाली, मंडळी!

जुन्या इंग्रजीत शब्द होता 'गॉडसिब'. 'सिब' म्हणजे नातलग. आपल्या फॉर्मवर 'सिबलिंग' असा रकाना असतो ना, त्यातला सिब तोच. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो माणूस त्याची जबाबदारी घेतो, तो देवाच्या साक्षीने त्या घराचा नातलग होतो, तो गॉडसिब. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कोणाला गॉसिप म्हणणं हा मान होता. पुढे उच्चार घासत गेला, अर्थ थोडा सैल झाला, आणि गॉसिप म्हणजे जवळचा मित्र किंवा मैत्रीण असं झालं. पुरुषांनासुद्धा हा शब्द बिनदिक्कत वापरत.

मग शब्द शिरला बाळंतिणीच्या खोलीत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बाळंतपण हा पूर्णपणे बायकांचा कारभार होता. दिवस भरत आले की बाई आपल्या खास मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून घ्यायची. पडदे ओढायचे, दार लावायचं, नवऱ्याला बाहेर काढायचं. आत सुईण, या सगळ्या जणी, आणि दारूत किंवा बिअरमध्ये मसाले घालून केलेलं एक गरम पेय. त्या सगळ्या जणी म्हणजे गॉसिप्स. कळा तासन् तास चालायच्या, त्यामुळे बोलणंही तासन् तास चालायचं.

आणि हे बोलणं फालतू नव्हतं, बरं का. कुमारी मातेच्या मुलाचा खर्च गावावर, म्हणजे पॅरिशवर पडायचा. त्यामुळे बाप कोण हे कळणं पंचांना फार महत्त्वाचं. सुईणींना चर्चकडून परवाना मिळायचा आणि त्यासाठी शपथ घ्यावी लागायची. १५६७ सालची अशी एक शपथ उपलब्ध आहे. तिच्यात खऱ्या बापाचंच नाव घेतलं जाईल, भलत्याचं नाही, याची काळजी घेण्याचं कलम आहे. थोडक्यात, त्या बंद खोलीत जे बोललं जायचं तो पुरावा होता. बाहेर उभ्या असलेल्या पुरुषाला आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि जे चाललंय त्याचा परिणाम मात्र त्याच्यावर होऊ शकत होता. अशा बोलण्याला नावं ठेवली जाणार नाहीत तर काय!

सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश १७५५ साली आला. त्यात 'गॉसिप'चे तीन अर्थ ओळीने दिलेत. पहिला बाप्तिस्म्याचा जामीन, दुसरा पिण्यातला सोबती, आणि तिसरा बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखं इकडचं तिकडे सांगत फिरणारा माणूस. शब्दाची सगळी घसरगुंडी एकाच नोंदीत! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणूस बाजूला पडला आणि गॉसिप हे बोलण्याचंच नाव झालं. मधल्या काळात स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या काही गावांत 'फार बोलणाऱ्या' बायकांच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चढवत आणि त्याची पट्टी जिभेवर दाबून बसवत. हे सांगाडे तिकडच्या संग्रहालयांत अजून बघायला मिळतात.

आता कोणी म्हणेल, शब्द आहेत, घसरतात, त्यात काय एवढं. म्हणून शेजारची फ्रेंच बघा. तिथे गॉडफादरला 'कोंपेर' म्हणायचे आणि गॉडमदरला 'कोमेर'. जोडीचे शब्द, एकाच साच्यातले. कोमेरवरून झालं 'कोमेराज', अर्थ चुगल्या, गावगप्पा. कोंपेरचं काय झालं? तो इंग्रजीत जाऊन स्टेजवर चढला. कॉलेजच्या गॅदरिंगला आपण 'कॉम्पिअरिंग कोण करतंय?' म्हणतो ना, तोच हा कॉम्पिअर. एकाच बाप्तिस्म्याला हजर असलेले दोघे, पण बाप्याच्या हातात माईक आला आणि बाईच्या वाट्याला चुगली. कारण बहुतेक वेळा बोलण्यात नसतं, बोलणाऱ्यात असतं, हे माझं मत इथे पक्कं झालं.

'कॉन्व्हर्सेशन'चंही असंच काहीसं. मुळात अर्थ बोलणं नव्हे, तर सोबत राहणं, वागणं. इंग्लंडच्या कायद्यात 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' नावाचा दावा होता. बायकोचे परपुरुषाशी संबंध आले तर नवरा त्या माणसाकडून नुकसानभरपाई मागू शकत असे. बायकोला असा दावा लावता येत नव्हता. १८५७ साली तो रद्द झाला. हे कळल्यापासून स्पोकन इंग्लिश क्लासच्या पाटीवर 'कॉन्व्हर्सेशन' वाचलं की मला हसू येतं.

जी गत बायकांच्या बोलण्याची, तीच परमुलखातल्या लोकांच्या बोलण्याची. पोर्तुगीजमध्ये 'पालाव्रा' म्हणजे साधा 'शब्द'. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापारी आणि तिथले लोक यांच्यात ज्या वाटाघाटी चालत, त्यांना हे नाव पडलं. इंग्रज खलाशांनी ते उचललं आणि 'पलाव्हर'चा अर्थ झाला उगाच लांबलेली बडबड. आपल्याकडचं बघायचं तर यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात 'गप' आहे, रिकामटेकड्या गप्पा अशा अर्थाने. फारसीतून आलेला हा शब्द. आपल्या 'गप्पा' त्यातल्याच. 'बकना'वरून आलेला 'बक'ही तिथे आहे. साहेबाने आपल्या बोलण्यातून नेमके बडबडीचे शब्द बरे वेचले!

साहेबाला नावं ठेवणं सोपं आहे, पण घरात काय? नको त्या उठाठेवींना आपण 'चांभारचौकशा' म्हणतो. एका अख्ख्या जातीचं नाव त्यात आहे आणि पुण्या-मुंबईतली शिकलेली माणसं तो शब्द आजही सहज वापरतात. मी सोडलाय. पर्यायी शब्द मिळतो, अडत नाही.

असो. साहेबांच्या दिवाणखान्यातल्या गप्पांना मात्र शास्त्रीय नाव मिळालं. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली, माहिती देण्यासाठी नव्हे तर नुसतं नातं टिकवण्यासाठी जे बोललं जातं त्याला 'फॅटिक कम्युनियन' म्हटलं. त्याचं म्हणणं होतं की ट्रोब्रिअंड बेटांवरचा माणूस आणि युरोपातला दिवाणखाना यात इथे फरक नाही. हवापाणी, 'काय, जेवलात का?', सोमवारच्या कॉलवर क्लायंटचं 'वीकेंड कसा गेला?', सगळं एकाच पोतडीतलं.

एक शब्द मात्र वर चढला: चॅट. हा 'चॅटर'चा तुकडा, आणि चॅटर म्हणजे पाखरांची चिवचिव. त्याचं नशीब काढलं आमच्या जमातीने. १९७३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर 'टॉकोमॅटिक' आलं, त्यात पाच जण एकाच वेळी टाइप करू शकत. १९८८ साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने आयआरसी लिहिलं, त्यातला 'सी' म्हणजे चॅट. माझ्या मावसभावाची पिढी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून याहू मेसेंजरवर बसायची. २०१८ साली ते बंद पडलं. २०२२ च्या नोव्हेंबरात तर एका यंत्राच्याच नावात चॅट आलं.

आणि आता एचआरसुद्धा चॅट करतं. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या आधीच्या कंपनीत १५ मिनिटांच्या 'क्विक चॅट'चं निमंत्रण आलं, विषयाचा रकाना रिकामा. त्या पंधरा मिनिटांत नोकरी गेली. पण प्रोजेक्ट बंद होणार हे तिला जेवणाच्या टेबलावर दोघी-तिघींकडून दोन आठवडे आधीच कळलं होतं, त्यामुळे रिझ्युमे तयार होता आणि एक इंटरव्ह्यूही झाला होता. तिच्याच टीममधल्या एका मुलाला काहीच माहीत नव्हतं. तो जेवताना हेडफोन लावून बसायचा, गॉसिप आवडत नाही म्हणून.